शेततळ्यात पाणी किती लिटर? घनमीटर, लिटर आणि टीएमसीचा हिशेब नेमका कुठे चुकतो

शिवारवाट

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमची दोन एकर डाळिंबाची बाग आहे आणि बागेच्या उशाला नवं खोदलेलं शेततळं. वरची बाजू ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. कागद अंथरून झालाय, विहिरीतून पाणी भरायचं बाकी आहे. घरात प्रश्न निघाला, भरल्यावर यात लिटर किती बसणार? नववीतल्या पुतण्याला म्हटलं, तू काढ.

त्याने नीट मांडून काढलं. सगळी मापं सेंटीमीटरमध्ये घेतली, ३००० × ३००० × ३००, आले २७० कोटी घन सेंटीमीटर. इथवर बरोबर. मग १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर म्हणून १०० ने भागलं. उत्तर २ कोटी ७० लाख घनमीटर, खाली दोन रेघा.

आकडा मोठा वाटत होता, पण चूक कुठे ते बोट ठेवून सांगता येईना. संध्याकाळी धरणसाठ्याची बातमी वाचत होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणजे पुतण्याच्या वहीप्रमाणे आमचं शेततळं जवळपास एक टीएमसीचं, आणि पुण्याचं खडकवासला धरण आहे १.९७ टीएमसीचं. तेव्हा दोघंही वही घेऊन परत बसलो.

चूक अशी. लांबी बदलताना १०० ने भागायचं हे खरं, पण घनफळात लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन दिशा असतात. तिन्हींना १०० ने भागावं लागतं. १०० × १०० × १०० म्हणजे १० लाख. २७० कोटींना १० लाखांनी भागलं की २७०० घनमीटर. एका घनमीटरात १००० लिटर, म्हणजे २७ लाख लिटर.

त्याला सूत्र पाठ होतं, पण पटलेलं नव्हतं. म्हणून पुठ्ठ्याचा खोका केला, आतून दहा सेंटीमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच. आत प्लास्टिकची पिशवी घातली आणि एक लिटरची पाण्याची बाटली ओतली. पाणी बरोबर काठाला आलं. तो बराच वेळ खोक्याकडे बघत होता. मग पट्टीने खोक्याच्या बाजूवर एकेक सेंटीमीटरच्या आडव्या रेघा मारल्या आणि स्वतःच म्हणाला, "काका, एका थरात दहा गुणिले दहा, शंभर चौकोनी तुकडे. असे दहा थर. म्हणजे हजार." त्यातला एक तुकडा म्हणजे एक घन सेंटीमीटर, आणि तोच एक मिलिलिटर.

दोन विनंत्या आहेत. माझे २७ लाख कुणीतरी तपासा, कारण उन्हाळ्याचं नियोजन त्यावर बेतलंय. दोन एकरांत ६०० झाडं आहेत, प्रत्येक झाडाला चार ड्रीपर, ड्रीपर ताशी ४ लिटरचा, ठिबक रोज दोन तास. झाडाला ३२ लिटर, बागेला १९,२०० लिटर. आणि तुमच्या कामात असे हिशेब कुठे फसतात तेही लिहा. पोरगा हा धागा वाचणार आहे.

घनमूळ

मी तीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. तुमच्या पुतण्याची चूक दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं करतात. याचं एक कारण म्हणजे आपण दोन वेगळ्या शिड्या एकाच तासाला शिकवतो.

पहिली शिडी लिटरची: किलोलिटर, हेक्टोलिटर, डेकालिटर, लिटर, डेसिलिटर, सेंटिलिटर, मिलिलिटर. प्रत्येक पायरीला दहा. दुसरी घनमापांची: घनमीटर, घन डेसिमीटर, घन सेंटीमीटर, घन मिलिमीटर. प्रत्येक पायरीला हजार. त्यात 'सेंटी' हा शब्द दोन्हीकडे येतो. सेंटिलिटर म्हणजे लिटरचा शंभरावा भाग, १० मिलि. घन सेंटीमीटर म्हणजे मात्र घनमीटरचा शंभरावा भाग नाही. आधी सेंटीमीटर घ्यायचा आणि मग त्याचा घन करायचा, म्हणून तो घनमीटरचा दहा लाखावा भाग. घन हा मीटरचा होतो तसा 'सेंटी'चाही होतो. हे एक वाक्य मुलाला पटलं की पुढचं सगळं त्याचं तो करेल.

दोन्ही शिड्या तीन ठिकाणी एकमेकींना भिडतात. घनमीटर आणि किलोलिटर एकच, घन डेसिमीटर आणि लिटर एकच, घन सेंटीमीटर आणि मिलिलिटर एकच. तुमचा पुठ्ठ्याचा खोका म्हणजे घन डेसिमीटर. पुस्तकात तो एका ओळीत उरकतात, खरं तर तोच हातात द्यायला हवा. तुम्ही दिलात, फार बरं वाटलं.

पाटबंधारे_निवृत्त

शिवारवाट, तुमचे २७ लाख चुकलेत. गुणाकार बरोबर आहे, आकार चुकलाय.

शेततळं खोक्यासारखं सरळ खोदत नाहीत, कडा ढासळतील. बाजूंना उतार असतो. तुमचा उतार किती आहे? एकास एक असेल तर एक मीटर खाली गेलं की प्रत्येक बाजू एक मीटर आत येते. तीन मीटर खाली तळ उरतो २४ बाय २४. अशा वेळी तीन क्षेत्रफळं घ्यायची. वरचं ९००, तळाचं ५७६ आणि मधल्या खोलीचं २७ बाय २७ म्हणजे ७२९. मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा आणि खोलीने गुणा. ९०० + २९१६ + ५७६ = ४३९२. भागिले सहा, ७३२. गुणिले तीन, २१९६ घनमीटर. म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर.

आणि काठोकाठ भरू नका. वरचा अर्धा मीटर मोकळा ठेवा, वारा सुटला की पाणी लाटांनी भरावावर चढतं आणि भराव खचतो. अडीच मीटरपर्यंत भरलंत तर पाण्याची वरची बाजू २९ बाय २९. त्याच रीतीने मोजा, १७६१ घनमीटर येतात. तुमच्या कामाचा आकडा हा, साडेसतरा लाखांच्या आसपास.

आता बातम्यांबद्दल. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, शंभर कोटी घनफूट. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दलघमी, भागून बघा, १०२.७ टीएमसी येतात. कोयना १०५.२५ टीएमसी. हे साठे. क्युसेक मात्र साठा नाही, वेग आहे. सेकंदाला एक घनफूट म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. 'धरणातून ५० हजार क्युसेक पाणी सोडलं' एवढंच वाचून किती पाणी गेलं ते कळत नाही, किती वेळ सोडलं हेही लागतं. नोकरीत आम्ही एक आकडा तोंडपाठ ठेवायचो: ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालले की एक टीएमसी. त्या हिशेबाने ५० हजार क्युसेक दिवसभर चालले तर ४.३२ टीएमसी. पुराच्या दिवसांत खालच्या गावांना हा फरक समजणं फार गरजेचं असतं.

शिवारवाट

उतार एकास एकच आहे. साहेब, मनापासून आभार. तुमचं वाचून पोटात गोळा आला.

मी धरले होते २७ लाख. बागेला रोज १९ हजार आणि उन्हाने उडणारं सहा हजार असं धरून मार्चच्या पहिल्या तारखेपासून १०८ दिवस, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत पुरेल असं समजत होतो. साडेसतरा लाख म्हणजे सत्तरच दिवस. दहा मेच्या सुमाराला तळं कोरडं, आणि त्या वेळी झाडावर फळ असणार.

हिरवा_कंदील

एवढं सगळं हाताने कशाला करायचं? फोनवर आकडा टाकला की दुसऱ्या एककात रूपांतर होऊन मिळतं. सगळ्यांकडे फोन आहे.

जोत्यावरचा

हिरवा_कंदील, मीही फोनवर बघूनच केलं होतं, म्हणून लिहितो.

घराच्या जोत्यात भरायला मुरूम हवा होता. जोतं १२ मीटर लांब, ८ रुंद, भरणी ६० सेंटीमीटर. घनफळ ५७.६ घनमीटर. मुरूम मिळतो ब्रासमध्ये, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. फोनला विचारलं, एक फूट म्हणजे किती मीटर? ०.३०४८. म्हणून मी धरलं १०० घनफूट म्हणजे ३०.४८ घनमीटर आणि मागवला दोन ब्रास. गाडी रिकामी झाली तेव्हा एका खोलीचा कोपराही पुरता भरला नव्हता. गवंडी आणि दोन मजूर दिवसभर बसून, त्यांची हजेरी द्यावी लागली.

खरा हिशेब असा: ०.३०४८ तीनदा गुणायचे, येतात ०.०२८३. म्हणजे एक ब्रास २.८३ घनमीटर आणि मला हवे होते वीस ब्रासच्या वर. फोनचं उत्तर बरोबर होतं, मी प्रश्न लांबीचा विचारला होता. तुमच्या पुतण्याचीही हीच चूक, फक्त त्याने वहीत केली आणि मी गाडी मागवून.

हिरवा_कंदील

पटलं. फोनला शेततळ्याचा उतारही माहीत नसतो, हेही लक्षात आलं.

सिस्टर_साताऱ्याची

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे मोठे आकडे नसतात, मिलिलिटरमध्येच सगळं चालतं, पण चूक झाली तर माणसाच्या अंगावर येते.

सीसी (म्हणजे घन सेंटीमीटर) आणि मिलि एकच, हे नातेवाइकांना रोज सांगावं लागतं. चिठ्ठीवर ५ मिलि लिहिलेलं असतं आणि सिरिंजवर सीसी छापलेलं असतं, की घाबरतात.

दुसरं, ओआरएस. याची पुडी दोन आकारांत मिळते. मोठी एक लिटर पाण्यासाठी, छोटी २०० मिलिसाठी, म्हणजे साधारण एका पेल्यासाठी. मोठी पुडी एका पेल्यात कालवली तर पाणी पाचपट खारं होतं आणि जुलाब झालेल्या बाळाला ते घातक ठरतं. पुडीवर किती पाण्यात घालायची ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि पाणी मापून घ्या. घरात मापाचं भांडं नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली वापरा.

तिसरं, इन्सुलिन. आपल्याकडे कुप्यांमध्ये दोन ताकदी मिळतात, एका मिलिलिटरात ४० युनिट आणि एका मिलिलिटरात १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळी, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर अडीचपट औषध अंगात जातं. आजोबांना रोज टोचणाऱ्या नातवंडांनी कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघावा, एवढं कळकळीने सांगते.

आणि घरातला चमचा म्हणजे ५ मिलि नव्हे. कुणाचा तीनचा असतो, कुणाचा सातचा. बाटलीच्या टोपणावर खुणा असतात, औषध त्यानेच द्या.

नवखा_७२

सिस्टर, रक्ताच्या रिपोर्टवर मिग्रॅ नंतर तिरकी रेघ आणि डेसिलिटर असतं. ते का? आणि लिटर म्हणजे किलोच ना? आमच्या दुकानात तेलाच्या पिशवीवर १ लिटर आणि कंसात ९१० ग्रॅम असं असतं.

सिस्टर_साताऱ्याची

डेसिलिटर म्हणजे १०० मिलि. साखर १०० आली तर १०० मिलिमागे १०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या अंगात ढोबळ पाच लिटर रक्त धरा, म्हणजे ५० डेसिलिटर. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर पाचेक ग्रॅम, एक लहान चमचाभर. रुग्णांना असं सांगितलं की ते रिपोर्ट नीट बघायला लागतात.

घनमूळ

नवखा, लिटर हे जागेचं माप, किलो वजनाचं. दोन्ही जुळतात ते फक्त पाण्याला. तेल हलकं, म्हणून लिटरला ९१० ग्रॅम. दूध थोडं जड, लिटरला सुमारे १०३० ग्रॅम. दूध काट्यावर किलोत मोजून पैसे लिटरने मिळत असतील तर १०० किलोचे ९७ लिटर धरतात, ते यामुळे.

गोंधळ निव्वळ आपला नाही. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची अधिकृत व्याख्याच एक किलो पाण्याची जागा अशी होती. ती घन डेसिमीटरपेक्षा लिटरमागे ०.०२८ मिलिलिटरने जास्त भरत होती. १९६४ साली ती व्याख्या सोडली आणि लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर असं पुन्हा पक्कं झालं.

चिपटं_मापटं

माझी आजी कोकणातली, भात पायलीने मोजायची. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. प्रत्येक पायरीला दुप्पट किंवा निम्मं, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बायकाही बिनचूक वाटण्या करायच्या. अडचण होती ती माप गावागणिक बदलायचं ही. आणि शीग, म्हणजे मापावरची रास. माप सपाट धरायचं की शिगोशीग, यावरून खळ्यावर वाद व्हायचे. आजी मजुरीचं भात नेहमी शीग लावून द्यायची, हात फिरवून सपाट केलेलं तिला पाप वाटायचं.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने किलो, लिटर आले. त्यामुळे सांगोल्याचा लिटर आणि साताऱ्याचा लिटर एक झाला, हे फार मोठं काम झालं. दुप्पट-निम्म्याची ती सोपी रीत मात्र हातातून गेली.

स्टॉकहोमकर

इथे स्वीडनमध्ये स्वयंपाकाच्या सगळ्या पाककृती डेसिलिटरमध्ये असतात. दुकानात मापांचा जुडगा मिळतो, एक डेसिलिटर, १५ मिलि, ५ मिलि आणि मसाल्यासाठी १ मिलिचं इवलं माप. पहिल्या वर्षी आईच्या वाटीचा हिशेब लागेना आणि उकडीचे मोदक फुटायचे. मग सुट्टीत गावी गेल्यावर आईची वाटी आणली आणि इथे पाणी घालून मापली, दीड डेसिलिटर भरली. आता आई फोनवर "दोन वाट्या पिठी" म्हणाली की मी तीन डेसिलिटर घेते. मोदक फुटत नाहीत.

पाटबंधारे_निवृत्त

शिवारवाट, एक राहिलं. पंप किती पाणी देतो ते मोजा. दोनशे लिटरचं बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. त्यावरून तळं भरायला किती तास लागतील ते आधीच निघतं, आणि प्रत्यक्ष तेवढेच लागले तर घनफळ बरोबर आलं असं समजा.

पावसासाठी एकच लक्षात ठेवा, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. तुमच्या तळ्याच्या वरच्या क्षेत्रफळावर १०० मिलिमीटर पडला तर ९० हजार लिटर थेट तळ्यात. उन्हाचंही तसंच उलट. दिवसाला ८ मिलिमीटर उडाले तर २८ बाय २८ च्या पाण्यावरून सहा हजार लिटर गेले. तुम्ही धरलेले सहा हजार म्हणूनच बरोबर आहेत.

शिवारवाट

बॅरल मोजलं. तीनदा भरलं, तिन्ही वेळा ४० सेकंदांच्या आसपास. सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर. १७६१ भागिले १८ म्हणजे ९८ तास. शेतीची वीज दिवसाला आठ तास, म्हणजे सव्वाबारा दिवस. आजपासून सुरू करतो.

शिवारवाट (सोळा दिवसांनी)

तेराव्या दिवशी दुपारी पाणी अडीच मीटरला टेकलं. बारा दिवसांत उन्हाने उडालेलं धरलं तर हिशेब तासाभराच्या फरकाने जुळला.

पुतण्याने तळ्यात उभी करायला लोखंडी पाइप रंगवून आणला. त्याला खुणा सारख्या अंतरावर हव्या होत्या, प्रत्येक खुणेला पाच लाख लिटर. मग त्याच्याच लक्षात आलं की तळ खाली अरुंद आहे. पहिल्या मीटरला ६ लाख २५ हजार लिटर, दुसऱ्या मीटरला ७ लाख २९ हजार, तिसऱ्याला ८ लाख ४१ हजार. म्हणून खुणा वर जाताना जवळ जवळ येतात. संपूर्ण दुपार बसून त्याने एकेक खूण काढली.

बहराचंही ठरवलं. एकाच एकराला आंबे बहार (उन्हाळ्यात पाण्यावर वाढणारं फळ) धरणार, दुसरा एकर मृगाला (पावसाळ्याच्या बहाराला) सोडला. रोज साडेपंधरा घनमीटर लागतील, म्हणजे ११३ दिवस निघतात. मृगाच्या झाडांना जगण्यापुरतं पाणी विहिरीचं देऊ. आज सकाळी ठिबक सुरू केलं तेव्हा पाइपवर पाणी १७ लाखांच्या खुणेच्या बोटभर वर होतं.